पाथ माझा, रेपो सगळ्यांचा

पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात मी बिल्ड सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या कोडमधून अँड्रॉइड ॲप तयार करणारं मशीन, बंद पाडला. कोड बरोबर होता. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये 'गिट ॲड .' केलं, म्हणजे फोल्डरमधलं सगळं घेतलं, आणि त्यासोबत लोकल.प्रॉपर्टीज ही ज्याच्या-त्याच्या मशीनपुरती फाइल रेपोत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, गेली. तिच्यात एसडीके.डीआयआरपुढे अँड्रॉइडची साधनं (एसडीके) माझ्या लॅपटॉपवर कुठे आहेत तो पाथ. सर्व्हरवर अँड्रॉइड_होम, हाच पाथ सांगणारं सिस्टिमचं व्हेरिएबल, नीट सेट केलेलं होतं, पण बिल्ड आधी या फाइलचं ऐकतं, मग व्हेरिएबलचं. त्या पाथवर सर्व्हरला काहीच सापडेना. फाइलच्या डोक्यावर अँड्रॉइड स्टुडिओनेच लिहिलेलं असतं की ही व्हर्जन कंट्रोलमध्ये, म्हणजे गिटसारख्या साधनात, टाकू नका. मी ती कधी उघडलीच नव्हती.

असं तुमच्याकडून झालं तर घाबरू नका, एका कमिटने (गिटमधल्या एका नोंदीने) सावरतं. मात्र सावरतानाच मी मोठी चूक केली, म्हणून पुढचं सावकाश वाचा.

सीनियर म्हणाले, "गिटइग्नोरमध्ये टाक." गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची ती यादी. नाव टाकलं, पुश केलं, म्हणजे सामायिक रेपोत पाठवलं, बिल्ड तसंच फेल. पाऊण तास मी स्पेलिंग तपासत होते. स्लॅश लावून पाहिला, काढून पाहिला. पण गिटइग्नोर लागू होतं ते गिटने अजून ट्रॅक न केलेल्या, म्हणजे नोंदीत न घेतलेल्या, फाइलींनाच. एकदा ट्रॅक झालेल्या फाइलचं नाव तिथे शंभरदा लिहा, गिट तिचे बदल दाखवत राहणार. खात्री करायची तर 'गिट एलएस-फाइल्स' पुढे फाइलचं नाव देऊन चालवा. नाव छापून आलं तर ती ट्रॅक होतेय, आणि गिटइग्नोरमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

मग 'गिट आरएम --कॅश्ड'. याने फाइल ट्रॅकिंगमधून जाते आणि आपल्या मशीनवर राहते. आपल्या मशीनवर, एवढंच. बाकीच्यांसाठी तो फाइल डिलीट केल्याचा कमिट असतो. एव्हाना तिघांनी माझी फाइल पुल करून (रेपोतून आपल्या मशीनवर आणून) तिच्यात आपापला पाथ घातला होता. सकाळी त्यांचं पुल अडलं, त्यांनी ते बदल टाकून देऊन परत पुल केलं आणि फाइलच उडाली. 'एसडीके लोकेशन नॉट फाउंड.' एकीची नकाशांची एपीआय की (नकाशा सेवा वापरण्याचा गुप्त कोड) फक्त त्या फाइलमध्येच होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. पुश करण्याआधी ग्रुपवर एवढंच लिहायला हवं होतं: लोकल.प्रॉपर्टीजची कॉपी बाजूला काढून ठेवा, मगच पुल करा.

कुणीतरी 'अझ्यूम-अनचेंज्ड'चा, म्हणजे ही फाइल बदललेली नाही असं गिटला समजायला लावण्याचा, शॉर्टकट सुचवेल. वापरू नका. तो गिटचा वेग वाढवण्यासाठी आहे, बदल लपवण्यासाठी नाही. आणि तो फक्त तुमच्या क्लोनपुरता, म्हणजे रेपोच्या तुमच्या कॉपीपुरता, असतो. नवा माणूस आला की त्याच्याकडे तुमचाच पाथ जाणार.

माझं ठाम मत आहे, जो सीनियर कीबोर्ड ओढून दोन मिनिटांत दुरुस्त करून देतो, त्याच्याकडून फार शिकता येत नाही. मला शेवटी समजावलं ते टेस्टिंगच्या एका ताईंनी. शेजारी बसून त्या प्रत्येक कमांडनंतर 'गिट स्टेटस' मोठ्याने वाचायला लावायच्या.

विंडोजवाल्यांनी हा पाथ हाताने लिहिताना बॅकस्लॅश दोनदा द्यावा किंवा सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरावा, कारण प्रॉपर्टीज फाइलमध्ये एकटा बॅकस्लॅश गिळला जातो. जावाचा पाथही प्रोजेक्टच्या ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये (ग्रेडल हे बिल्ड करणारं साधन) घालू नका, ती फाइल सगळ्यांची असते. होम फोल्डरमधल्या .ग्रेडलमध्ये त्याच नावाची फाइल बनवून तिथे घाला. रेपोत फक्त नमुना फाइल ठेवा, तिच्यातल्या एपीआय की रिकाम्या सोडून.

एक गोष्ट अजूनही त्रास देते. जुन्या रिलीज ब्रँचवर, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्तीच्या शाखेवर, ती फाइल ट्रॅक केलेली असेल, तर तिथे चेकआउट करताना (त्या शाखेवर जाताना) तुमची इग्नोर केलेली फाइल गिट न विचारता ओव्हरराइट करतं, आणि परत मेन या मुख्य ब्रँचवर आलात की डिलीट करतं. मी आता हॉटफिक्ससाठी (तातडीच्या दुरुस्तीसाठी) त्या ब्रँचचा वेगळा क्लोन ठेवते.