ठिणगीची खरखर : गाडीतल्या हॅम रेडिओचा गोंगाट शोधताना या चुका टाळा

घरच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, सात मेगाहर्ट्झवर स्वच्छ ऐकू येणारं कोल्हापूरचं स्टेशन गाडीत इंजिन सुरू करताच टकटकीखाली गाडलं जातं. गाडीतून रेडिओ चालवणाऱ्या हॅम मंडळींची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, ही नेहमीची तक्रार. त्यावरचा उपायही ठरलेला : फिल्टर आणायचा, फेराइटचे (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) मणी आणायचे, दिसेल त्या वायरवर चढवायचे. पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. कारण गोंगाट कुठून निघतो आणि कुठल्या वाटेने रेडिओत शिरतो, हे ठरायच्या आधीच खरेदी झालेली असते.

स्पार्क प्लग म्हणजे मुळात छोटा ट्रान्समीटरच. हर्ट्झने १८८० च्या दशकात रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. ठिणगीला एक ठरावीक फ्रिक्वेन्सी नसते, शॉर्टवेव्हपासून (एचएफ) त्यावरच्या व्हीएचएफपर्यंत ती सगळीकडे पसरते. दोन मीटरवरचा (व्हीएचएफमधल्या हॅम बँडवरचा) एफएम रिसीव्हर असले झटके बऱ्यापैकी कापून टाकतो, एचएफवर एसएसबी (बोलण्यासाठीचा तिथला नेहमीचा प्रकार) ऐकताना मात्र ते पुरते कानात येतात. त्यामुळे ‘रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं व्हीएचएफ स्टेशन) छान ऐकू येतो, म्हणजे गाडी ठीक आहे’ असं समजू नका.

रस्त्याचा गोंगाट स्वतःच्या गाडीच्या माथी मारणं

ठाण्यातल्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभं राहून इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा, आवाज शोधण्यात अर्थ नाही. शेजारची रिक्षा, मागची बाइक, पुढची गाडी सगळ्यांच्या ठिणग्या तुमच्या अँटेनाला लागतात. ठाणे-बेलापूर रस्त्याला समांतर ट्रान्सहार्बर रेल्वेची २५ किलोव्होल्टची ओव्हरहेड वायर आहे, तिचा आणि उच्चदाब वाहिन्यांचा करकराट वेगळाच. खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी किंवा अशाच मोकळ्या, तारा नसलेल्या जागी पहाटे जा. आधी सगळं बंद ठेवून एस मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा रेडिओवरचा मीटर) वाचा. मग इंजिन न लावता फक्त चावी ऑन करा. मग इंजिन आयडलवर, आणि शेवटी न्यूट्रलमध्ये थोडी रेस. प्रत्येक वेळचा आकडा कागदावर लिहा. कानाची आठवण फसवते, आणि पुढे केलेल्या दुरुस्तीने काही फरक पडला का, हे या आकड्यांशिवाय कळणार नाही.

या चाचणीआधी मोबाइलचे चार्जर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे, सगळं काढून ठेवा. ‘इग्निशन’ म्हणून आणलेल्या तक्रारीत स्वस्तातला यूएसबी चार्जर हाच गुन्हेगार निघणं फार सामान्य आहे.

सगळ्या आवाजांना इग्निशन म्हणणं

इथे थोडा हिशेब कामाला येतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ९०० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ३० ठिणग्या पडतात, ३००० आरपीएमवर १००. म्हणजे आयडलला टकटक सुटी-सुटी ऐकू येते आणि रेस दिली की तिची घरघर होते. अल्टरनेटरचा आवाज असा नसतो. त्याची पुली इंजिनपेक्षा दोन-अडीच पट वेगाने फिरते आणि आत अनेक पोल असतात, त्यामुळे आयडललाच हजार हर्ट्झच्या आसपास शिट्टी बसते आणि रेसबरोबर चढत जाते. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावल्यावर शिट्टी मोठी झाली तर शंकाच नको.

चावी ऑन केल्यावर इंजिन न लागताच दोन-तीन सेकंद गुरगुर येऊन थांबली तर तो पेट्रोल टाकीतला पंप. इंजिन चालू असताना तो सतत असतो आणि रेस दिल्याने फारसा बदलत नाही. आणि डिझेल गाडीत टकटक येत असेल तर प्लग शोधू नका, तिथे स्पार्क प्लग नसतोच. ती इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची टकटक.

सीएनजी गाडीवाल्यांच्या हातात एक सोपी चाचणी आहे. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचे इंजेक्टर वेगळे असतात. इंजिन त्याच आरपीएमवर ठेवून पेट्रोलवरून गॅसवर या. आवाजाचा पोत बदलला तर आधी इंजेक्टर आणि त्यांच्या वायरिंगकडे बघा. पोत तोच राहून जोर वाढला तर बहुधा इग्निशन, कारण गॅस पेटवायला कॉईलला जास्त व्होल्टेज चढवावं लागतं.

वाट न शोधता फिल्टर लावणं

इंजिन चालू ठेवून रिगच्या (रेडिओ संचाच्या) मागची अँटेनाची केबल काढा. आवाज गेला तर तो अँटेनातून येत होता, आणि पॉवर लाइनवर कितीही महागडा फिल्टर लावला तरी उपयोग नाही. आवाज राहिला तर तो पॉवरच्या वायरीतून, माइक किंवा स्पीकरच्या वायरीतून येतोय. मिनिटभराची ही चाचणी टाळून लोक हजारो रुपये घालवतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. इग्निशनची खरखर बहुतेक वेळा अँटेनातून येते, अल्टरनेटरची शिट्टी बहुतेक वेळा वायरीतून.

प्लग आणि वायरींकडे ‘गाडी चालतेय ना’ म्हणून दुर्लक्ष करणं

गाडी उत्तम चालते, मायलेज देते, तरीही इग्निशन रेडिओसाठी आजारी असू शकतं. प्लग रेझिस्टरचाच हवा. बऱ्याच कंपन्यांच्या प्लग नंबरात त्यासाठी ‘आर’ असतो, उदाहरणार्थ बीपीआर६ईएस. आतला सुमारे ५ किलोओहमचा रोध ठिणगीचा झटका बोथट करतो. प्लग वायर असलेल्या गाडीत प्रत्येक वायर मल्टिमीटरने मोजा. लांबीनुसार रीडिंग काही किलोओहमच्या घरात येतं. एखादीचं बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं किंवा ओपन आलं तर तिचा कार्बनचा गाभा आत तुटलाय आणि त्या फटीत आणखी एक ठिणगी उडतेय. पूर्ण सेट बदला. ‘पिकअप वाढतो’ म्हणून कोणी तांब्याच्या गाभ्याच्या वायरी किंवा बिन-रेझिस्टरचे प्लग बसवले असतील तर आधी ते काढा.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. ऐरोलीतल्या एका मित्राच्या सीएनजी गाडीचा आवाज जूननंतर एकदम वाढला होता. दमट रात्री बिल्डिंगच्या मागे, दिवे बंद करून, बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं. तिसऱ्या प्लगच्या रबरी टोपीवर केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून निळसर रेघ इंजिनच्या धातूपर्यंत धावत होती. उजेडात ती चीर बोट फिरवूनही सापडली नसती. हे फक्त लांबून बघायचं. तिथे वीस हजार व्होल्टच्या वर व्होल्टेज असतं, चालू इंजिनवर टोपी उपटून ‘कोणता सिलिंडर’ शोधू नका. हाताला झटका बसेलच, शिवाय कॉईल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंही नुकसान होतं.

बॉडी म्हणजे अर्थ (अर्थिंग), असं धरून चालणं

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच. बोनेट बिजागऱ्यांवर टेकलेलं असतं, डिकीही तशीच, आणि सायलेन्सरचा लांबलचक पाइप रबरी हँगरवर लोंबकळतो. इंजिनकडून आलेला गोंगाट मागच्या टोकापर्यंत नेऊन तिथे उधळणारी ती अँटेनाच होते, आणि आपली खरी अँटेना बहुतेकदा तिथेच डिकीवर असते. बोनेटच्या दोन्ही बिजागऱ्यांना, डिकीला आणि सायलेन्सरला दोन-तीन ठिकाणी रुंद, चपट्या विणलेल्या पट्टीने बॉडीशी जोडा. पट्टी जितकी आखूड तितकी चांगली. गोल वायर एचएफवर तेवढं काम देत नाही.

जोडताना रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, नट घट्ट झाला की वरून ग्रीस लावा. खाडीची खारी हवा उघडा जोड लवकर खाते, आणि गंजलेला जोड घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत स्वतःच खरखरायला लागतो. अँटेनाच्या माउंटलाही हाच नियम. मॅग्नेट माउंट रंगावर बसतो, एचएफवर त्याला पुरेसा अर्थ मिळत नाही, मग कोॲक्सचं (अँटेनाच्या केबलचं) बाहेरचं आवरण डॅशबोर्डखालून फिरताना सगळा गोंगाट गोळा करतं. तिथे फेराइट उपयोगी पडतं, पण ७ मेगाहर्ट्झवर केबल एकदाच आत घालून नव्हे. ३१ नंबरच्या मिक्समधून (फेराइटच्या एका प्रकारातून) पाच-सात वेढे काढा. रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

सिगारेट लायटरमधून रिग चालवणं

१०० वॅटची रिग ट्रान्समिटला २० अँपिअरच्या आसपास ओढते. लायटरची वायर तेवढ्यासाठी नसते, आणि ती गाडीच्या सगळ्या वायरिंगमधून गोंगाट घेऊन येते. जाड वायर थेट बॅटरीपासून आणा, बॅटरीजवळच फ्यूज लावा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असतो. तिथे रिगचा मायनस टर्मिनलला न लावता, बॅटरीची मायनस केबल बॉडीला जिथे बोल्ट केली आहे तिथे लावा. नाहीतर रिगचा करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही.

जुन्या, यांत्रिक पॉइंटने ठिणगी पाडणाऱ्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळातला कॉईलवर कंडेन्सर लावायचा उपाय अजूनही सांगितला जातो. आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर तो करू नका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) महाग पडेल. रिगमधला नॉइज ब्लँकर (झटके कापणारं सर्किट) ठिणगीच्या टकटकीवर चांगला चालतो, शिट्टीवर नाही, आणि जवळचं तगडं स्टेशन असेल तर तोच आवाज फाडतो.

पट्ट्या बसवून झाल्या की एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) पुन्हा मोजा. तो आधीपेक्षा वाढलेला दिसला तर घाबरून पट्ट्या काढू नका. आखूड मोबाइल अँटेनाचा स्वतःचा रोध ५० ओहमपेक्षा बराच कमी असतो, खराब अर्थचा रोध त्यात मिसळून मीटर सुखावलेला होता. आता तो तोटा गेला. अँटेनाच्या बुडाशी मॅचिंग कॉईल लावली की एसडब्ल्यूआर परत खाली येतो.