रिस्टोर केलेली डिस्क घरी कशी पारखावी: ‘द सारागोसा मॅन्युस्क्रिप्ट’

वोइचेख हास यांचा १९६५चा पोलिश चित्रपट ‘द सारागोसा मॅन्युस्क्रिप्ट’ वेताळपंचविशीवर वाढलेल्या प्रेक्षकाला परका वाटत नाही. आल्फोन्स व्हान वॉर्डेन हा तरुण अधिकारी स्पेनच्या ओसाड डोंगरांतून माद्रिदला निघतो, वाटेतल्या एका खाणावळीत दोन राजकन्यांचा पाहुणचार घेतो आणि जागा होतो तो फासाच्या खांबाखाली. विक्रमाच्या खांद्यावरून उडून वेताळाने पुन्हा झाडाला लटकावं, तसा तो फिरून तिथेच येतो. उत्तरार्धात गोष्टीच्या पोटात गोष्ट आणि तिच्याही पोटात आणखी गोष्टी निघत जातात. कुठल्या पातळीवर आहोत याचं भान सुटतं, आणि ते सुटावं अशीच रचना आहे.

नेमक्या याच कारणाने या चित्रपटाची रिस्टोर केलेली, म्हणजे जुनी फिल्म साफ-दुरुस्त करून काढलेली, डिस्क पारखणं अवघड जातं. सरळ कथेतला एखादा प्रसंग गळाला तर प्रेक्षकाला लगेच खटकतं. इथे दहा मिनिटं गायब झाली तरी ‘असंच असेल’ म्हणून आपण पुढे जातो. म्हणून तपासताना कथेवर विसंबू नये. घड्याळ, मोजपट्टी आणि पॉजचं बटण यांच्यावर विसंबावं.

आधी लांबी

चित्रपटाची पूर्ण लांबी १८२ मिनिटं आहे. परदेशात त्याला कात्री लागली होती: अमेरिकेत १४७ मिनिटांची आवृत्ती चालली, ब्रिटनमध्ये १२५ मिनिटांची. नव्वदच्या दशकात संगीतकार जेरी गार्सिया यांनी पूर्ण प्रतीसाठी पैसे देऊ केले. १९९५मध्ये ते वारल्यावर मार्टिन स्कोर्सेझी आणि फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या मदतीने ते काम पुरं झालं. जुनी डिस्क किंवा कॅसेट हाती आली तर वेष्टनावरच्या मिनिटांवर जाऊ नका. प्लेअरमध्ये घालून खरी लांबी बघा.

इथे एक गफलत नेहमी होते. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, युरोपातली पाल (तिथल्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी २५ने. सगळा चित्रपट ४ टक्के जलद पळतो. १८२ला २४ने गुणून २५ने भागा: १७४ मिनिटं ४३ सेकंद. म्हणजे १७५ मिनिटांची पाल डीव्हीडी कापलेली नसते, फक्त धावते. तिच्यातला आवाज मात्र अर्धस्वराच्या सुमारे ७० टक्के वर चढलेला असतो, आणि कान तयार असेल तर संगीतात ते जाणवतं. ब्लू-रेवर आकडा १८२च्या आसपासच हवा.

लांबीबरोबर डिस्कची क्षमताही बघा. तीन तासांची दाणेदार (चित्रात बारीक कण दिसणारी) कृष्णधवल फिल्म खूप डेटा खाते. ५० जीबीच्या ब्लू-रेवर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सरासरी ३६ मेगाबिटपर्यंत जागा मिळते, २५ जीबीच्या डिस्कवर त्याच्या निम्मी. एका थराच्या ४.७ जीबी डीव्हीडीवर जेमतेम साडेतीन मेगाबिट उरतात. तेवढ्यात फिल्मचा दाणा मावत नाही आणि आभाळाच्या राखाडी भागात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. दोन थरांची डीव्हीडी नसेल तर घेऊच नका.

भारतात मागवताना रिजन, म्हणजे डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल याचा कोड, तपासा. आपल्याकडचे प्लेअर डीव्हीडीसाठी रिजन ५चे आणि ब्लू-रेसाठी सीचे असतात. पोलंडच्या डिस्कवर २ किंवा बी असू शकतो. संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन पाचदाच बदलता येतो, त्यानंतर तो कायमचा अडकतो.

टीव्ही जागेवर आणा

डिस्कला दोष देण्याआधी टीव्हीच्या सेटिंगचा दोष काढून टाका. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. शार्पनेस खाली आणा, नॉइज रिडक्शन पूर्ण बंद करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद हवी. सोनीवर तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन. ती दोन चौकटींच्या मधली खोटी चौकट तयार करते, आणि घोड्याच्या पायांभोवती पाण्यासारखं वलय उठतं. रंगाचं तापमान ‘वॉर्म’ ठेवा. ‘कूल’वर कृष्णधवल चित्राला निळी झाक येते आणि स्पेनच्या उन्हाचं चांदणं होतं.

प्लेअर आणि टीव्ही या दोघांची काळ्या-पांढऱ्याची मोजणी एकच हवी. ० ते २५५च्या मोजणीत व्हिडिओचा काळा १६वर आणि पांढरा २३५वर असतो; ही ‘लिमिटेड’ मोजणी, तर ‘फुल’ पूर्ण ० ते २५५ वापरते. एक यंत्र ‘लिमिटेड’वर आणि दुसरं ‘फुल’वर असेल तर काळा भाग धुरकट राखाडी होतो किंवा उलट सावल्यांतलं सगळं बुडून जातं. खाणावळीच्या तळघरातला प्रसंग लावून बघा: कोपऱ्यांत भिंतीचा पोत हलकासा दिसला पाहिजे.

आता मोजपट्टी घ्या. चित्राचं प्रमाण २.३५ला १ आहे. ५५ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ६८.५ सें.मी. असते, तिथे वर आणि खाली सुमारे ८.३ सें.मी.ची काळी पट्टी यायला हवी. पट्टी नसेल तर कडेचं जवळपास पाव चित्र कापलं गेलं आहे किंवा टीव्हीवर झूम चालू आहे. पट्टी आहे पण पातळ आहे, असं असेल तर ओव्हरस्कॅन (चित्र किंचित मोठं करून कडा कापणं) बंद करा. काही टीव्हींवर ते बंद करणाऱ्या सोयीला ‘जस्ट स्कॅन’ असं नाव आहे. हास चौकटीच्या अगदी कडेपर्यंत वस्तू मांडतात, त्यामुळे दोन टक्के कापले तरी काहीतरी हरवतं.

चेहरे रुंद वाटले तर घाई करू नका. त्या काळच्या ॲनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून फिल्मवर घेणाऱ्या) भिंगांत जवळून घेतलेला चेहरा किंचित फुगतो. चौकटीच्या मधोमध आलेलं गाडीचं चाक किंवा ताट मोजा. ते गोल असेल तर डिस्क बरोबर आहे, फुगवटा भिंगाचा आहे.

दाणा

अंतर साधारण दोन मीटर ठेवा, एखाद्या स्थिर चेहऱ्यावर पॉज करा आणि एकेक चौकट पुढे सरका. गालावरचा दाणा प्रत्येक चौकटीत नव्याने विखुरला पाहिजे. चेहरा हलतोय पण दाणा जागच्या जागी चिकटून बसलाय, किंवा गाल मेणाचा दिसतो आणि केस एकसंध पट्ट्यांसारखे, तर दाणा धुऊन काढला आहे. दाण्यातच तपशील असतो. एकदा धुतला की वरून धार लावून तो परत येत नाही; उलट कडांना पांढरी किनार येते.

डिझॉल्व्हच्या जागी मात्र वेगळा नियम. एक दृश्य दुसऱ्यात विरघळण्याआधी चित्र अचानक जाडंभरडं होतं आणि पुढच्या कटला पुन्हा स्वच्छ होतं. त्या काळी असे जोड ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मची पुन्हा फिल्मवर नक्कल काढणाऱ्या यंत्रावर, व्हायचे आणि तेवढा तुकडा नकलेची नक्कल असायचा. ही भरड जागा खरी आहे. ती सारखी करायला गेलेलं रिस्टोरेशन बाकीचं चित्रही त्या पातळीवर उतरवतं.

उरलेले डागही बोलके असतात. पांढरे ठिपके निगेटिव्हवरच्या (कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मवरच्या) धुळीचे, काळे ठिपके प्रिंटवरच्या (तिच्यावरून काढलेल्या थिएटरच्या प्रतीवरच्या). उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल खूण चमकली आणि सातेक सेकंदांनी पुन्हा चमकली, तर ती प्रोजेक्टर बदलण्याची खूण आहे. म्हणजे डिस्कसाठी वापरलेली प्रत थिएटरात फिरलेली प्रिंट होती, निगेटिव्ह नव्हे. ६०० मीटरचं रीळ सुमारे २२ मिनिटं चालतं, तेव्हा त्या अंतराने पुढच्या खुणा शोधा. खुणेच्या दोन्ही बाजूंचे संवाद तुटतात का ते नक्की ऐका; रिळांची टोकंच आधी झिजतात.

सर्वांत घातक दोष स्वच्छतेतून येतो. धूळ काढणारं सॉफ्टवेअर एकाच चौकटीत दिसणारी गोष्ट धूळ समजतं. वेगाने फिरलेलं तलवारीचं टोक, ठिणगी, उडालेला पक्षी, सगळं त्याला धूळच. आल्फोन्सच्या वडिलांची द्वंद्वयुद्धं चौकट-चौकट करून बघा. पातं मध्येच आखूड होऊन पुन्हा लांब झालं, तर साफसफाई यंत्रावर सोडली होती आणि नंतर कुणी डोळ्यांखालून घातली नाही. एरवी अशी चूक दिसली तर कुणीही म्हणेल चूक आहे. या चित्रपटात ती स्वप्नातली गोष्ट म्हणून खपून जाते.

आवाजाचंही तेच. क्षिश्टोफ पेंडेरेत्स्की यांच्या संगीतात एकीकडे जुन्या दरबारी वळणाचे तुकडे आहेत, दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक सूं-सूं. खरखर काढणाऱ्या फिल्टरला हे दुसरं संगीत खरखरच वाटतं. हेडफोन लावा आणि फासाच्या खांबाजवळची दृश्यं ऐका. संवाद संपताच मागचा आवाज एकदम शून्यात गेला, किंवा शब्दांच्या टोकांना पाण्याखाली बोलल्यासारखा घुमारा आला, तर फिल्टर जास्त लावला आहे. मूळ मोनो (एकाच चॅनेलचा) ट्रॅक दिला असेल तर तोच निवडा.

सबटायटल आणि शिडी

पाल डीव्हीडीचं सबटायटल ब्लू-रेला जोडू नका. दर तासाला २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. जोडायचंच असेल तर सबटायटल एडिटरमध्ये २५वरून २४ असा वेग बदला. नुसतं मागेपुढे सरकवून भागत नाही.

शेवटी कागदावर शिडी काढा. डावीकडे आल्फोन्स, आत शिरलेली प्रत्येक नवी गोष्ट एक बोट उजवीकडे, बाहेर आली की डावीकडे. शेजारी वेळ टिपा. उत्तरार्धात कबालाच्या (ज्यू गूढविद्येच्या) अभ्यासकाच्या वाड्यात जिप्सींचा म्होरक्या आवादोरो बोलू लागतो. त्याच्या कथेत तोलेदो, बुस्केरोस, लोपेझ सुआरेझ, फ्रास्केत्ता ही पात्रं येतात. एका गोष्टीत भुताचा वाटलेला आवाज दुसरीत साध्या माणसाचा निघतो, म्हणून दोन्ही बाजू डिस्कवर आहेत का ते बघा. उघडलेली प्रत्येक पायरी कुठे मिटते ते तपासा. न मिटलेली पायरी सापडली तर दुसऱ्या आवृत्तीतली तीच वेळ काढून ताडून बघा, आणि मूळ कादंबरीच्या अनुवादाकडेही वळा. मात्र यान पोतोत्स्की यांची ही कादंबरीही तुकड्यांतून जोडलेली आहे: लिहिली फ्रेंचमध्ये, पण मूळ मजकुराचा काही भाग हरवला आणि १८४७च्या पोलिश अनुवादावरून भरून काढावा लागला, पुढे संशोधकांना १८०४ आणि १८१०च्या दोन वेगळ्या आवृत्त्या सापडल्या. त्यामुळे पुस्तकात आहे आणि पडद्यावर नाही, एवढ्यावरून डिस्क कापलेली ठरवू नका. पुरावा दुसऱ्या प्रतीचाच हवा.

दोष पक्का झाला की प्रकाशकाला कळवताना तास-मिनिट-सेकंद, प्लेअरचं मॉडेल आणि डिस्कच्या आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक द्या. त्या क्रमांकावरून कुठल्या खेपेची डिस्क आहे ते त्यांना कळतं आणि बदली डिस्क मिळणं सोपं जातं.