लोहाची गोळी अंगी लागावी म्हणून जठररसाकडे लक्ष द्या

मेथी, नाचणी, हरभरा यांतील लोह विरघळण्यासाठी जठरातील आम्ल लागते. ते कमी पडले, तर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लोहाचे शोषण नीट होत नाही. म्हणून रक्तक्षय असलेल्यांनी लोहाची गोळी शक्यतो जेवणाच्या तासभर आधी पाण्यासोबत घ्यावी, आणि मळमळ होत असेल तर दोन घास खाऊन घ्यावी, पण सोडू नये. लिंबाची फोड पानात वाढलेल्या भाजीवर पिळावी, कारण शिजताना पिळल्यास लोहाच्या शोषणाला मदत करणारे क जीवनसत्त्व उष्णतेने घटते. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांची वेळ लोहाच्या गोळीपासून वेगळी ठेवावी, कारण ती लोहाचे शोषण कमी करतात.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांची, कारण ही औषधे आम्लाची निर्मितीच कमी करतात. ती परस्पर बंद करू नयेत. सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवून त्यांची खरोखर गरज आहे का, हे स्पष्ट विचारावे. महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर रक्तस्रावाबरोबरच हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जिवाणूचा संसर्ग आणि जठराच्या अस्तराची झीज यांचीही तपासणी करून घ्यावी. अस्तर झिजलेल्या रुग्णात ब-१२ जीवनसत्त्वही कमी असू शकते.