फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं हस्तलिखित पत्र संग्रही हवंय? मग असं करा

मानवसेवेत आयुष्य वेचलेल्या माणसांची पत्रं जमवायची असतील, तर सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. बाईंनी ९० वर्षांच्या आयुष्यात (१८२० ते १९१०) अफाट लिहिलं. त्यातली सुमारे १४ हजार पत्रं आजवर सापडली आहेत. त्यामुळे लिलावात त्यांची पत्रं येत राहतात आणि ताडून बघायला अस्सल नमुनेही भरपूर मिळतात. शिवाय त्या भारतात कधी आल्या नसल्या, तरी इथल्या दुष्काळावर आणि खेड्यांतल्या आरोग्यावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

आधी अक्षर ओळखीचं करून घ्या

पैसे काढण्याआधी काही महिने नुसती पत्रं वाचा. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने, अनेक संस्थांकडची पत्रं एकत्र करून, त्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करतानाच्या पत्रांतलं अक्षर, १८६५ नंतर लंडनच्या साऊथ स्ट्रीटवरच्या घरातून लिहिलेल्या पत्रांतलं अक्षर आणि म्हातारपणचं मोठं, मोकळं अक्षर शेजारी ठेवून पाहा. पत्र पेन्सिलीने लिहिलंय म्हणून बिचकू नका. बाई पेन्सिलीने खूप लिहीत. १९०१ च्या सुमारास मात्र त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरची तारीख असलेलं लांबलचक, सफाईदार पत्र कोणी दाखवलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

सही नको, पत्र घ्या

जुन्या काळी हौशी लोक पत्राखालची सही कात्रीने कापून वहीत चिकटवत. अशा चिटोऱ्या आजही स्वस्तात मिळतात. मी त्या घेऊ नका असंच सांगेन. ती सही कोणत्या पत्राखाली होती, बाई कोणासाठी काय मागत होत्या, सगळं त्या कात्रीने पुसून टाकलेलं असतं. आभाराचं चार ओळींचं असलं तरी पूर्ण पत्र घ्या. पाकीट सोबत असेल तर फारच उत्तम, कारण त्यावरच्या टपाल-शिक्क्याची तारीख पत्राशी जुळवून बघता येते.

कागद हातात आल्यावर

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटी बॅटरी घ्या. बॅटरी कागदाला जवळजवळ आडवी धरा, म्हणजे निबेचा दाब पडलेल्या रेघा उठून दिसतात. भिंगाखाली शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली दिसली पाहिजे. त्या काळच्या लोहयुक्त काळ्या शाईवर पुढे तपकिरी छटा चढते. वळणांवर, जिथे शाई जास्त साचते, तिथे रंग गडद असतो. सगळीकडे एकसारखा सपाट रंग किंवा बारीक ठिपके दिसले, तर ती छापील प्रतिकृती समजा. मग कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह (वॉटरमार्क) पाहा. त्यात कारखान्याचं नाव असतं, कधी सालही सापडतं. शेवटी अंधारात अतिनील (यूव्ही) दिवा धरा. कागद निळसर-पांढरा चमकला, तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा असण्याची दाट शक्यता आहे, कारण चमक आणणारी रसायनं कागदात त्यानंतरच सर्रास वापरली जाऊ लागली.

मजकूरही तपासा. बाईंचं समग्र लेखन १६ खंडांत छापून झालंय. नववा आणि दहावा खंड भारतावरचा आहे. तुमच्यासमोरचं पत्र त्यात असेल, तर मूळ कुठे ठेवल्याची नोंद आहे ते बघा. ते एखाद्या ग्रंथालयात असल्याचं म्हटलं असेल, तर विक्रेत्याच्या हाती आलं कसं, हे विचारायलाच हवं. पत्र कोणाकोणाच्या हातून आलं, ते लेखी मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या, पत्र कितीही आवडलेलं असो.

लिलावात बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन चढतं. त्यात पाठवणावळ, विमा आणि कस्टम धरूनच आपली कमाल बोली कागदावर लिहून ठेवा.

घरी आणल्यावर

लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पंचिंग तर मुळीच नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि पत्र कडांना धरून आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल, तर खरा शत्रू पावसाळा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट ओल धरतं, बुरशी येते, कसर लागते. आतल्या भिंतीजवळचं लोखंडी कपाट बरं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण कागदाला लागू देऊ नका, आणि उघडीप मिळाली की कपाट तपासा. भिंतीवर फ्रेम लावायची असेल तर रंगीत प्रतीची लावा. उजेडाने शाई उडते आणि ती परत येत नाही.

भारतात असलेलं ७५ वर्षांपेक्षा जुनं, ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. परदेशातल्या लेकाला किंवा भाचीला भेट म्हणून असं पत्र पाठवायचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही.

एवढं झालं की पत्राच्या दोन्ही बाजू आणि पाकीट स्कॅन करा, मजकूर टाइप करा आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या नाइटिंगेल संग्रहालयाला कळवा. पत्र तुमच्या कपाटातच राहील, पण एखादी अभ्यासक त्याच तारखेचं, त्याच विषयावरचं दुसरं पत्र घेऊन याच मजकुराची वाट पाहत असू शकते.