स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरून देवनागरी फॉन्ट कसा करायचा

फोटो समोरून सरळ काढा, खालून मान वर करून काढलेले काही कामाचे नाहीत. मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, तीन पाट्या बास झाल्या. जोडीला एखाद्या जुन्या पाण्याच्या पंपावरची ओतीव अक्षरं बघा, त्यांचे कोपरे गोल आणि कडा उतरत्या असतात कारण पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना, वाळूतून अलगद सुटायला लागतो, नाहीतर साचा ढासळतो.

फोटो ट्रेस करू नका. सगळे तेच शिकवतात, पण पेंटरचा प्रत्येक 'र' वेगळा असतो आणि फॉन्टमध्ये र एकच. कागदावर काढा, मग फॉन्टफोर्ज हे फॉन्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात १००० युनिटच्या एमवर (अक्षर बसवायच्या चौकटीवर) घ्या. व, क, ग, म आधी. काना ठरला की बाकीची भराभर होतात.

आता शिरोरेषा, इथं माझे दोन महिने गेले. पेंटर आधी दोरी मारून रेघ आखतो न् अक्षरं तिला टांगतो, फॉन्टमध्ये तीच रेघ प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यातुकड्यानं येते. मी तुकडा बरोबर अक्षराच्या रुंदीएवढा ठेवलेला, स्क्रीनवर झकास, आणि भावाच्या वर्कशॉपचा दहा फुटी फ्लेक्स छापून आला तर प्रत्येक जोडावर केसाएवढी फट! वहिनी म्हणाल्या, उसवलंय का हे? तर रेघ दोन्हीकडं रुंदीच्या बाहेर वीसेक युनिट जाऊ द्या, शेजारच्या अक्षरावर चढलीच पाहिजे. टोकं सरळच कापा, पंपावरची गोलाई इथं आणलीत की जोडाला खाच पडते. आणि रेघ कान्यापेक्षा जरा बारीक, माझा काना ९० तर रेघ ८२, सारखी ठेवली तर आडवी रेघच जाड दिसते.

मग 'किर्लोस्करवाडी' टाइप करा. वेलांटी, रफार, ओकार, जोडाक्षर, सगळी भांडणं त्या एका शब्दात आहेत. 'र्लो'वर रफार मात्रेला धडकतो, तिथं अँकर (मात्रा अक्षराला जिथं चिकटते तो बिंदू) हलवत बसू नका, ओकार-रफार मिळून वेगळा ग्लिफ, म्हणजे एकच आकार, काढा. पहिल्या वेलांटीच्या कमानी कमीत कमी तीन वेगवेगळ्या रुंदीच्या लागतात. पाटीवर दांड्याचा ल असला तरी आपला दोन पाकळ्यांचाच काढा, हिंदीवाला पर्याय म्हणून ठेवा.

इंग्रजीसाठी डीन १४५१ समोर ठेवा, १९३६ चं जर्मन स्टँडर्ड, मूळ प्रशियाच्या रेल्वेच्या अक्षरांत.

टीटीएफ, म्हणजे फॉन्टची फाइल, काढा. पहिली प्रिंट ए४ वर, मोठ्या साइजला, फ्लेक्सवाल्याकडं नंतर जा.