काऊचडीबीत सिंक झालं म्हणजे डेटा जुळला असं नाही
काऊचडीबी (सर्व्हरवरचा डेटाबेस) आणि पाऊचडीबी (फोनवर किंवा ब्राउझरमध्ये चालणारा, त्याच्याशी सिंक होणारा डेटाबेस) वापरून ऑफलाइन चालणारं ॲप करताय ना, मग कॉन्फ्लिक्टचं, म्हणजे एकाच डेटात दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले तर काय, हे आधीच बघा. दोन फोनवर एकच डॉक्युमेंट बदललं की सिंक होताना एरर येतच नाही, डेटाबेस दोन्ही रिव्हिजन (बदललेल्या आवृत्त्या) ठेवतो आणि जिची बदलांची हिस्ट्री लांब तीच दाखवतो, दुसऱ्याने टाइप केलेलं गायब झालं असं वाटतं पण ते आत असतं. डॉक्युमेंट वाचताना कॉन्फ्लिक्ट्स हा पर्याय ट्रू करा, मग त्या लपलेल्या रिव्हिजन दिसतात, हव्या तशा मर्ज करा आणि हरलेल्या डिलीट करा, नाहीतर साठत जातात. त्यापेक्षा मी तर म्हणेन सगळी यादी एकाच डॉक्युमेंटमध्ये कोंबूच नका, प्रत्येक नोंदीला वेगळं डॉक्युमेंट द्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.