मीटर वाजला म्हणून मी सेल्फ उतरवला

जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये नवीन आहात? मग किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ झालं आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) फिरला नाही, की लगेच पाना उचलू नका. मी उचलला होता. त्यात माझे दोन दिवस आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाया गेले. ते अजून मनाला लागून आहे.

गाडी १९७२ ची अँबॅसॅडर, मार्क २. सोलेनॉइड, म्हणजे किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा करंट सेल्फकडे सोडणारा स्विच, सेल्फवर नव्हता, इंजिनमागच्या पत्र्यावर वेगळा बसवलेला होता. बॅटरी नवी होती. मी सोलेनॉइडच्या जाड केबल सोडवल्या, छोट्या टर्मिनलला १२ व्होल्ट दिले. ‘टक्’ झालं. मीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की वाजतो) ठेवून दोन्ही जाड बोल्टांना लावला, वाजला. झालं, सोलेनॉइड चांगला! मग सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले, सगळं परत चढवलं. किल्ली फिरवली. ‘टक्’.

इथेच फसायला होतं, म्हणून हे सावकाश वाचा. कंटिन्युइटी तपासताना मीटर जेमतेम एखादा मिलिअँपिअर करंट सोडतो. सेल्फ इंजिन फिरवताना १५० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. सोलेनॉइडच्या आत दोन्ही बोल्ट जोडणारी तांब्याची टिकली जळून खड्डे पडले असतील, तर मिलिअँपिअरला त्यातून वाट मिळते, १५० अँपिअरला मिळत नाही. हिशोब करून बघा. टिकलीपाशी फक्त ०.०२ ओहम अडथळा आहे असं धरा. १५० ने गुणलं की ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. आणि साध्या मीटरवर सगळ्यात लहान आकडा ०.१ ओहम! तो ०.०२ दाखवणार कसा? मीटर खोटं बोलत नव्हता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

बरोबर पद्धत अशी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इग्निशन कॉइलची मधली वायर काढा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन जाड बोल्टांवर लावा. किल्ली न फिरवता १२ दिसतील, घाबरू नका, वाट उघडी आहे एवढाच त्याचा अर्थ. आता कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा ०.२-०.३ वर आला तर सोलेनॉइड ठीक. १२ वरच राहिला तर टिकली टेकतच नाही. माझ्या गाडीत २.८ होता. हीच तपासणी इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं अर्थचं (गाडीच्या बॉडीला जोडलेलं) टोक यांच्यामध्येही करा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, अर्थची पट्टी सडली तरी लक्षण हेच. आणि ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा.

दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून सेल्फ मारायची सवय मला अजिबात मान्य नाही. बरेच उस्ताद करतात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती थेट तुमच्या अंगावर येते. उस्तादाच्या हाताकडे जरूर बघा, पण ‘असंच करतात’ यापुढे जो काही सांगत नाही, त्याच्याकडे वर्षं घालवू नका. मला ही व्होल्टेज ड्रॉपची (करंट वाहताना मधेच किती व्होल्ट खर्च होतात याची) तपासणी दाखवणारे मिस्त्री शेजारच्या गॅरेजचे होते. पाच मिनिटांत त्यांनी कारणासकट समजावलं.

दुरुस्तीला आधी बॅटरीचा अर्थ काढा. सोलेनॉइडची दुमडलेली कड हळूहळू उचला, बेकलाइटचं झाकण फार ठिसूळ असतं. स्प्रिंगांचा क्रम फोटोत घ्या. टिकलीची एक बाजू जळलेली असते, ती उलटवून बसवली की कोरी बाजू पुढे येते. बोल्टांची आतली डोकी बारीक कानशीने सपाट करा, पण दोन्हींची उंची सारखी हवी, नाहीतर टिकली एकावरच टेकते. सगळा भुसा झटकून काढा, ग्रीस लावू नका. जोडताना आतला नट धरूनच बाहेरचा आवळा, बोल्ट फिरला तर झाकण तडकतं. सोलेनॉइडची छोटी कॉइल त्याच्या ब्रॅकेटमधून अर्थ घेते, म्हणून त्याखालचा रंग आणि गंज खरवडा.

एकाच बाबतीत दुरुस्तीचा हट्ट नको. किल्ली सोडल्यावरही सेल्फ फिरत राहिला, म्हणजे टिकली चिकटली, तर बॅटरी तोडा आणि सरळ नवा सोलेनॉइड घाला.

पहिल्यांदा उघडताना हात थरथरतील. थरथरू द्या, आत फार भाग नसतात, तासाभरात जमतं. माझा जोडून झाल्यावर मीटरवर ०.२ आला. गिऱ्हाइकाला फोन करून चूक माझी होती हे सांगितलं आणि सेल्फच्या कामाची मजुरी परत केली.